कोयनेलचा निळा उजेड : सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स

आपल्या कॉलेजात स्टोक्स हे नाव न ऐकलेला एकही विद्यार्थी सापडणार नाही. मॅथ्समध्ये स्टोक्स थिअरम, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये नेव्हिअर-स्टोक्स इक्वेशन आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये ग्लिसरीनच्या उंच नळीत छर्रा सोडून टायमिंग घ्यायचं तो स्टोक्स लॉ. परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये या माणसाचा जेवढा उद्धार होतो तेवढा मेसच्या भाजीचाही होत नसेल! पण हा माणूस कोण, कुठला, कसा होता, हे आपल्या पुस्तकांत कुठेच नाही. तिथे फक्त त्यांचं नाव आणि त्याखाली डेरिव्हेशन.

या लेखात मला त्यांच्या एका वेगळ्याच कामाबद्दल सांगायचं आहे. ते आपल्या सिलॅबसमध्ये नाही, पण आज ते थेट ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचलं आहे. ते काम म्हणजे फ्लुओरेसन्स. हा शब्दसुद्धा त्यांचाच. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत याला प्रतिदीप्ती म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, म्हणून मी फ्लुओरेसन्सच म्हणणार आहे, मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं.

खेड्यातला धाकटा मुलगा

जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडमधल्या स्लायगो परगण्यात, स्क्रीन नावाच्या लहानशा गावी झाला. वडील तिथल्या चर्चचे धर्मगुरू. भावंडांत जॉर्ज सगळ्यात धाकटा. घरची श्रीमंती नव्हती, पण अभ्यासाचं वातावरण होतं. सुरुवातीचे धडे वडिलांनी घरीच दिले. तेराव्या वर्षी त्याला डब्लिनच्या शाळेत घातलं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, वडील वारले. पुढे तो इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला शिकला आणि १८३७ मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात दाखल झाला.

केंब्रिजमध्ये त्या वेळी गणिताची ट्रायपॉस नावाची अतिशय अवघड परीक्षा असे. त्यात वरच्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत आणि पहिल्या येणाऱ्याला सीनियर रँग्लर. १८४१ साली स्टोक्स सीनियर रँग्लर झाले. मराठी माणसाला रँग्लर हा शब्द वेगळा सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये याच परीक्षेत पहिल्या स्थानावर आले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. गंमत म्हणजे त्याच वर्षी स्टोक्स यांच्या प्राध्यापकपदाला ५० वर्षं झाली म्हणून केंब्रिजमध्ये मोठा समारंभ झाला होता. म्हणजे आपले रँग्लर परांजपे शिकत होते तेव्हा हे ऐंशीच्या घरातले म्हातारे प्रोफेसर त्याच विद्यापीठात नोकरीवर होते!

ही प्राध्यापकी साधी नव्हती. तिला ल्युकेशियन प्राध्यापकपद म्हणतात आणि कधीकाळी त्यावर न्यूटन होते. स्टोक्स १८४९ मध्ये तिथे आले आणि १९०३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तब्बल ५४ वर्षं, तिथेच राहिले. एवढं मोठं पद, पण पगार तुटपुंजा. त्यामुळे त्यांनी काही वर्षं लंडनच्या सरकारी खाणकाम विद्यालयातही शिकवलं. जोडधंदा तेव्हाही होताच.

पूल, पाणी आणि लंबक

आपल्या ब्रँचेसच्या कामाचं त्यांनी जे केलं ते थोडक्यात सांगतो. १८४५ मध्ये त्यांनी चिकट द्रवांच्या गतीचं गणित मांडलं, तेच नेव्हिअर-स्टोक्स. १८५१ मध्ये लंबकाला हवा किती अडवते हे शोधताना लहान गोळ्यावरच्या घर्षणाचं सूत्र सापडलं, तोच आपला छर्रा. स्टोक्स थिअरम १८५४ मध्ये केंब्रिजच्या एका स्पर्धा परीक्षेत प्रश्न म्हणून आलं आणि ते सोडवायला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. म्हणजे पेपर अवघड काढायची परंपरा जुनीच आहे!

सिव्हिलच्या मित्रांसाठी एक गोष्ट. १८४७ मध्ये इंग्लंडमधला डी नदीवरचा रेल्वेपूल कोसळला. त्यानंतर धावत्या गाडीने पुलावर किती जास्त ताण येतो याचं गणित स्टोक्स यांनी १८४९ मध्ये केलं. १८७९ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधला टे पूल वादळात गाडीसकट पडला, तेव्हाच्या चौकशीत वाऱ्याच्या दाबाबद्दल त्यांची साक्ष झाली. गणिताचा प्राध्यापक असून त्यांनी प्रत्यक्ष कामाला कधी कमी लेखलं नाही.

कोयनेलची बाटली

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मलेरियावरचं क्विनाइन आपल्याकडे जुनी माणसं कोयनेल म्हणतात. ब्रिटिश काळात पोस्टातून त्याच्या पुड्या विकल्या जायच्या. चवीला कडू जहर. या कोयनेलचं एक वैशिष्ट्य आहे. ते आम्ल घातलेल्या पाण्यात विरघळवलं की पाणी साध्या पाण्यासारखं दिसतं, पण उन्हात धरलं की ज्या बाजूने ऊन आत शिरतं तिथे आकाशी निळा उजेड दिसतो. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी याचं वर्णन केलं होतं. त्यांना आणखी एक कोडं पडलं. एका बाटलीतून गाळून आलेलं ऊन दुसऱ्या बाटलीवर पाडलं, तर दुसरी बाटली चमकत नाही. ऊन तर तसंच दिसतं, मग त्यातलं काय कमी झालं?

स्टोक्स यांनी हे कोडं हातात घेतलं. त्यांनी खोलीत अंधार करून फटीतून ऊन आत घेतलं आणि प्रिझमने त्याचे रंग पाडले. मग कोयनेलच्या द्रावाची नळी तांबड्या रंगापासून जांभळ्याकडे हळूहळू सरकवत नेली. तांबड्यात काही नाही. पिवळ्यात, हिरव्यात काही नाही. जांभळ्याच्या टोकाला आल्यावर नळी निळी चमकायला लागली. आणि पुढे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही अशा अंधाऱ्या जागेत नेली तरी चमकतच राहिली!

त्यांनी अर्थ लावला तो असा. जांभळ्याच्या पलीकडचे, डोळ्याला न दिसणारे किरण आत जातात आणि द्राव त्यांचं रूपांतर दिसणाऱ्या निळ्या उजेडात करतो. पहिल्या बाटलीने ते किरण खाऊन टाकले की दुसऱ्या बाटलीच्या वाट्याला काही उरत नाही. हर्शेल यांचं कोडं सुटलं. पण यातून एक मोठी गोष्ट निघत होती. प्रिझमने वेगळा केलेला रंग पुन्हा बदलत नाही हा न्यूटनच्या काळापासूनचा समज होता. न्यूटनच्याच खुर्चीवर बसलेल्या माणसाने दाखवून दिलं की तो बदलतो, आणि बाहेर येणाऱ्या उजेडाची तरंगलांबी आत गेलेल्यापेक्षा जास्त असते. दोन तरंगलांबींमधल्या या अंतराला आज आपण स्टोक्स शिफ्ट म्हणतो.

हे सगळं त्यांनी १८५२ मध्ये शंभराहून जास्त पानांच्या निबंधात मांडलं. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजातही असाच उजेड दिसतो, त्यावरून त्यांनी या घटनेला फ्लुओरेसन्स नाव दिलं. रॉयल सोसायटीने त्याच वर्षी त्यांना रम्फर्ड पदक दिलं. त्यांनी केवळ कोयनेल तपासलं नाही. झाडाच्या पानांचा हिरवा अर्क, धोतऱ्याच्या बियांचा अर्क, युरेनियमची पिवळी काच आणि चक्क आपली हळदसुद्धा त्यांच्या यादीत होती. यवतमाळ, हिंगोलीकडच्या शेतकऱ्याला सांगितलं तर पटणार नाही, पण हळदीने केंब्रिजमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच हजेरी लावली आहे.

दोन काचा आणि एक पांढरी फरशी

प्रत्येक वेळी प्रिझम, फट, अंधारी खोली एवढा पसारा कोण करणार? म्हणून १८५३ मध्ये स्टोक्स यांनी एक सोपी पद्धत दिली. माझ्या मते त्यांचं हे काम सगळ्यात इंजिनिअरिंगचं आहे.

उन्हाच्या वाटेत एक गडद निळी काच ठेवायची. त्यामुळे वस्तूवर फक्त निळा-जांभळा उजेड पडतो. पाहणाऱ्याने डोळ्यासमोर दुसरी, पिवळी काच धरायची. ही काच नेमका निळा-जांभळा उजेड अडवते. दोन काचांची अशी जोडी जमवली की वस्तूवरून नुसता परत आलेला उजेड डोळ्यापर्यंत पोचत नाही आणि सगळं काळं दिसतं. तरीही वस्तू चमकली, तर तो उजेड वस्तूने स्वतः तयार केलेला आहे.

पण काचांवर तरी भरवसा कसा ठेवायचा? काच थोडी हलकी निघाली तर निळा उजेड गळून येईल आणि आपण उगाच वस्तू चमकते म्हणू. त्यासाठी स्टोक्स पांढऱ्या चिनी मातीची एक फरशी वापरत. ती स्वतः चमकत नाही. वस्तू तिच्यावर ठेवायची. फरशी काळी दिसली तर काचा बरोबर आहेत. फरशीच उजळ दिसायला लागली तर आधी काचा तपासायच्या, वस्तूबद्दल नंतर बोलायचं. ही फरशी मित्रांनो लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

या दोन काचांचा आपल्या देशातल्या एका मोठ्या शोधाशी संबंध आहे. चंद्रशेखर वेंकट रामन अर्थखात्यात नोकरीला असताना १९१० मध्ये आपल्या नागपुरात होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पुढे कलकत्त्याला त्यांनी द्रवांतून विखुरणाऱ्या उजेडावर काम केलं. १९२३ मध्ये त्यांचे सहकारी रामनाथन यांना एक मंद वेगळा उजेड दिसला, तो अंधूक फ्लुओरेसन्स असावा असं आधी वाटलं. १९२८ मध्ये अशाच एकमेकांना पूरक असलेल्या दोन फिल्टरच्या जोडीने आणि इतर चाचण्या करून रामन यांनी दाखवलं की हा फ्लुओरेसन्स नाही, नवीन परिणाम आहे. तो दिवस २८ फेब्रुवारी, आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. रामन परिणामात ज्या रेषा दिसतात त्यांना आजही स्टोक्स रेषा आणि अँटी-स्टोक्स रेषा म्हणतात.

दारव्ह्यातला प्रयोग

हे वाचल्यावर दिवाळीच्या सुट्टीत दारव्ह्याला घरी गेल्यावर मी स्वतः करून पाहिलं. मामाच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घातली, वरचा पिवळा द्राव छोट्या बाटलीत घेतला आणि दिव्याखाली धरला. हिरवट पिवळा असा छान उजेड आला. टिनोपाल दिलेला पांढरा शर्ट धरला तर तो निळसर चमकला. नोटेवरचे नंबर चमकले. सगळं दुकान बघायला जमलं.

मग बाजूच्या दुकानातला दिवा आणला. तीच बाटली, तेवढंच अंतर, पण उजेड जवळपास निम्माच वाटला. मोबाइलने दोन्हींचे फोटो काढले आणि खरी गंमत तिथे झाली. फोटोत दोन्ही बाटल्या सारख्याच चमकत होत्या! मोबाइलचा कॅमेरा उजेड कमी असला की आपोआप एक्स्पोजर वाढवतो, म्हणून डोळ्याला दिसलेला फरक फोटोत नाहीसा झाला. नुसते फोटो पाहणाऱ्याने दोन्हींत हळद सारखी आणि दिवेही सारखे असंच सांगितलं असतं.

दुकानात ही करमणूक झाली. पण हाच प्रकार ऑपरेशन टेबलवर झाला तर?

रक्त, डोळा आणि ऊन

तिकडे जाण्याआधी स्टोक्स यांचा वैद्यकाशी आलेला संबंध सांगायला हवा. १८४९ मध्येच त्यांनी डोळ्यातला अॅस्टिग्मॅटिझम मोजायचं दोन भिंगांचं एक साधन सुचवलं होतं, त्याला स्टोक्स लेन्स म्हणतात. १८६४ मध्ये त्यांनी रक्ताकडे मोर्चा वळवला. रक्तातला लाल पदार्थ ऑक्सिजन घेतो आणि सोडतो, आणि तसं होताना त्याच्या स्पेक्ट्रममधले काळे पट्टे बदलतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. ऑक्सिजन असताना दोन पट्टे, काढून घेतला की त्यांच्या जागी एकच रुंद पट्टा. रक्त न तपासता नुसत्या उजेडावरून त्यातला ऑक्सिजन ओळखता येतो या कल्पनेचं हे मूळ. कोरोनाच्या वेळी २०२० आणि २०२१ मध्ये घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर याच वंशातला.

त्याच ऑक्सिमीटरची दुसरी बाजू पण पाहा. २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की कृष्णवर्णीय पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन धोकादायक कमी असूनही ऑक्सिमीटरने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्या पेशंटच्या सुमारे तिप्पट होतं. यंत्र बंद पडलं नव्हतं. आकडाही येत होता. पण तो आकडा सगळ्यांसाठी सारखा खरा नव्हता.

असाच धडा स्टोक्स यांच्याच नावाच्या दुसऱ्या एका यंत्रातून मिळाला. दिवसात ऊन किती तास पडलं हे मोजायला काचेचा भरीव गोळा वापरतात. ऊन गोळ्यातून एका बिंदूवर येतं आणि मागच्या कार्डावर जळकी रेघ उमटते. मूळ कल्पना कॅम्पबेल यांची. १८७९ मध्ये स्टोक्स यांनी त्याला धातूची चौकट आणि तीन ऋतूंच्या कार्डांसाठी तीन खाचा दिल्या. आपल्या हवामान खात्याच्या वेधशाळांतही हे यंत्र वर्षानुवर्षं वापरलं गेलं. पण देशोदेशी गोळे वेगळे, कार्डाचा कागद वेगळा. एक कार्ड लवकर जळतं, एक उशिरा. सूर्य एकच, पण उन्हाचे तास जुळेनात. शेवटी १९६२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने एका ठरावीक बनावटीचं यंत्र आणि ठरावीक कार्ड हे संदर्भ म्हणून नेमलं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी तुलना करायची ठरलं. १९८१ मध्ये तर ऊन म्हणजे काय हेच ठरवावं लागलं. चौरस मीटरला १२० वॉटपेक्षा जास्त थेट सूर्यप्रकाश असेल तरच ऊन!

सर्जनच्या हातातला कॅमेरा

आता ऑपरेशन थिएटर. इंडोसायनिन ग्रीन नावाचं एक हिरवं रंगद्रव्य आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये त्याचा वैद्यकीय वापर सुरू झाला, ते आलं होतं कोडॅक या फोटोफिल्मच्या कंपनीकडून. ते शिरेतून दिलं की रक्तातल्या प्रोटीनला चिकटतं आणि काही मिनिटांत यकृत त्याला बाहेर काढायला लागतं. त्यावर सुमारे ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा अवरक्त उजेड टाकला की ते त्याहून थोड्या जास्त तरंगलांबीचा, सुमारे ८३० नॅनोमीटरचा उजेड देतं. हे दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत. म्हणून खास कॅमेरा लागतो. एक दिवा, एक फिल्टर दिव्यापुढे, दुसरा फिल्टर सेन्सरपुढे. ओळखलंत ना? स्टोक्स यांच्याच दोन काचा!

हा कॅमेरा सर्जनला काय सांगतो? समजा आतड्याचा खराब भाग कापून दोन टोकं जोडायची आहेत. जोडाच्या जागी रक्त नीट पोचतंय का हे डोळ्याने कळत नाही. रक्त पोचत नसेल तर जोड उसवतो, पोटात इन्फेक्शन होतं, जीवावर बेतू शकतं. कॅमेऱ्यात जो भाग चमकतो तिथे रक्त आहे, जो काळा राहतो तिथे नाही. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये कोणती लसिकाग्रंथी तपासायला काढायची हेही यावरून शोधतात. कुठे कापायचं ते या उजेडावरून ठरतं.

आणि इथेच मामाच्या दुकानातला प्रश्न उभा राहतो. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचा दिवा वेगळा, फिल्टर वेगळा, सेन्सर वेगळा. कॅमेरा थोडा लांब धरला की उजेड झपाट्याने कमी होतो. काही कॅमेरे मोबाइलसारखे स्वतःच चित्र उजळ करतात. थिएटरमधल्या दिव्यांचा अवरक्त उजेड आत शिरतो. फिल्टर गळका असेल तर काहीच नसलेली जागाही चमकते. रंगद्रव्य जास्त झालं तर ते जास्त चमकेल असं वाटतं, पण एका मर्यादेपलीकडे उजेड उलट कमी होतो. म्हणजे एका हॉस्पिटलमध्ये चांगला रक्तपुरवठा म्हणून दिसलेलं चित्र दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॅमेऱ्यात वेगळं दिसू शकतं. दारव्ह्याचा पेशंट यवतमाळला जातो, तिथून नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवतात. पेशंट एकच. प्रत्येक ठिकाणचं यंत्र वेगळी भाषा बोलायला लागलं तर डॉक्टरांनी कुणाचं ऐकायचं?

आमच्याकडे कापूस विकायला नेणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. व्यापाऱ्याच्या काट्याबद्दल शंका आली की तो सरळ गाडी धर्मकाट्यावर नेतो. तिथे दोघांचंही वजन एकाच मापाने होतं. फ्लुओरेसन्सच्या कॅमेऱ्यांनाही असाच धर्मकाटा हवा होता.

तो आता तयार होतो आहे. त्याला फँटम म्हणतात. हा रेझिनचा एक ठोकळा असतो. शरीरात उजेड जसा विखुरतो तसा विखुरावा म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइडची पूड मिसळतात, आणि रक्त जसा उजेड शोषतं तसा शोषावा म्हणून काळा रंग. त्यात छोटे खळगे असतात. एकात चमकणारं द्रव्य भरपूर, पुढच्यात कमी, त्याच्या पुढच्यात आणखी कमी, आणि एक खळगा मुद्दाम रिकामा. काही द्रव्य वेगवेगळ्या खोलीवर पुरलेलं. हा ठोकळा प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एकाच अंतरावर ठेवायचा आणि तपासायचं: किती कमी द्रव्य दिसतं, किती खोलवरचं दिसतं, किती बारीक रेषा वेगळ्या दिसतात, मधे आणि कडेला उजेड सारखा आहे का, द्रव्य दुप्पट केल्यावर आकडा दुप्पट होतो का. आणि रिकामा खळगा काळा दिसतो का? तो रिकामा खळगा म्हणजे स्टोक्स यांची पांढरी फरशी. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या एका कार्यगटाने या कॅमेऱ्यांच्या तपासणीसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक अहवालही काढला. स्टोक्स यांच्या निबंधानंतर १७२ वर्षांनी!

कोयनेलही या गोष्टीतून बाहेर पडलेलं नाही. विसाव्या शतकात फ्लुओरेसन्स मोजणारी यंत्रं आली तेव्हा त्यांची तुलना करायला ठरलेलं माप हवं होतं. त्यासाठी क्विनाइन सल्फेटचाच द्राव निवडला गेला आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने तो अधिकृत संदर्भ पदार्थ म्हणून पुरवला. जी बाटली हर्शेल यांना कोडं वाटली ती शेवटी मोजमापाची पट्टी झाली.

माणूस म्हणून

स्टोक्स स्वभावाने अबोल होते. लग्न १८५७ मध्ये आर्माघच्या वेधशाळेचे प्रमुख रॉबिन्सन यांच्या मुलीशी झालं. लग्नाआधी त्यांनी वाग्दत्त वधूला ५५ पानांचं एक पत्र लिहिलं होतं म्हणतात, आणि त्यामुळे लग्न मोडता मोडता राहिलं. बोलत नसत, पण लिहायला बसले की थांबत नसत! अक्षर इतकं वाईट की उतारवयात त्यांनी टाइपरायटर घेतला. संसारात दुःखही वाट्याला आलं, दोन मुली लहानपणीच गेल्या.

१८५४ ते १८८५ अशी ३१ वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. या काळात दुसऱ्यांचे निबंध वाचणं, चुका दाखवणं, सल्ले देणं यात त्यांचा इतका वेळ गेला की स्वतःचं संशोधन मागे पडलं. सूर्याच्या स्पेक्ट्रममधल्या काळ्या रेषांचा अर्थ त्यांनी किरखॉफ यांच्या आधीच केल्व्हिन यांना बोलताना सांगितला होता असं खुद्द केल्व्हिन म्हणत, पण स्टोक्स यांनी त्याचं श्रेय कधी मागितलं नाही. आपण पूर्ण तपासलेलं नाही, छापलेलं नाही, तर ते आपलं नाही, असा त्यांचा हिशेब. पुढे १८८५ ते १८९० ते सोसायटीचे अध्यक्ष होते, १८८७ ते १८९२ केंब्रिज विद्यापीठाचे खासदार होते, १८८९ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. १ फेब्रुवारी १९०३ रोजी केंब्रिजमध्येच त्यांचं निधन झालं.

आपल्यासाठी

मित्रांनो, आपण लॅबमध्ये रीडिंग घेतो, ग्राफ सरळ यावा म्हणून एखादा पॉइंट इकडेतिकडे करतो आणि जर्नलवर सही घेतो. यंत्र बरोबर आहे का हे कोणी विचारत नाही, कारण तिथे कुणाचा जीव जात नाही. पण आपल्यातलेच काही जण उद्या इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, इलेक्ट्रॉनिक्समध्ये, हॉस्पिटलच्या उपकरणांच्या सर्व्हिसिंगमध्ये जाणार आहेत. तिथे आपण दिलेल्या आकड्यावर कुणीतरी सुरी चालवणार आहे.

अशा वेळी नवीन कॅमेरा बनवणाऱ्याचं कौतुक सगळे करतील. रिकामा खळगा काळा दिसतो का हे दर आठवड्याला न कंटाळता तपासणाऱ्याचं कौतुक कोणी करणार नाही. तरी ते काम करायला हवं. स्टोक्स यांनी आयुष्यभर तेच केलं: आधी काच तपासली, मग चमकणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवला. पुढच्या सेमिस्टरला त्यांचं डेरिव्हेशन पाठ करताना ती पांढरी फरशीही आठवली तर हा लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.